पेणचे पाच

"पुन्हा मोज," एलियाहकाका म्हणाले.

एलियासने पुन्हा मोजले. नऊच. दहा ज्यू पुरुष जमल्याशिवाय मुलाला बापासाठी कद्दिशची प्रार्थना म्हणता येत नाही, आणि सूर्य मावळायच्या आत बाबांना मातीआड करायचे होते. चार तर वाजूनही गेले होते.

एलियास सकाळी निरोप मिळताच रोह्याच्या कंपनीतून तडक पेणला आला होता. कंपनीत तो माश्यांचे आमिष बनवायचा. मादीच्या अंगाचा वास तिथे बाटलीत तयार होई. माणसाला तो येत नाही, नराला बरोबर लागतो. घरात पाऊल टाकताच रीतीप्रमाणे काकांनी त्याचा सदरा छातीशी फाडला. हा कामावरचा सदरा आहे, हे त्या गडबडीत कोणाच्या डोक्यात यायला? फाडलेला सदरा सात दिवस बदलायचा नाही. झाले, आळीतल्या माश्या त्याच्या मागे. तो बाबांजवळ बसला की बाबांच्या चादरीवरही बसायच्या. म्हणून बिचारा सख्खा मुलगा असून बाहेर ओटीवर बसला होता.

"सगल्या तुज्याच अंगावर कशा रं?" शेजारचा मोरू टॉवेलने वारा घालत म्हणाला.

"सगळे नर हायत. डोळ्याला डोळा भिडलाय बघ. मादीच्या डोळ्यांमध्ये फट असते. एका थेंबाला शेकड्यानं नर येतात, मोरूदादा. मला एक माणूस मिळत नाय."

ज्यूंची निम्मी वस्ती कधीच इस्रायलला गेली होती. तरी दहा होते. मागच्या शनिवारच्या प्रार्थनेला भरले होते की! रोह्याचे तिघे, नागोठण्याचे दोघे, पेणचे पाच.

"मला धरून रोह्याचे तिघंही आले," एलियास म्हणाला. "नागोठण्याचे दोघं एसटीनं आले. म्हणजे पेणातलाच कोणीतरी राहिलाय. इथल्या इथं असून येत नाय म्हणजे काय? माझ्या बाबानं कोणाची माती चुकवली होती?"

तो ताडकन उठून उभा राहिला. बाकीचे रस्त्याकडे बघत होते. काका मात्र बोटांवर पेणची नावे घेत होते. चार बोटे मिटली. पाचव्याशी ते थांबले.

"कोण राहिलाय, काका? नाव सांगा. मी जातो, हाताला धरून आणतो."

काकांनी त्याला खाली बसवले.

"पाचवा तुझा बाबाच रे."