उन्हाळ्यापुरता कुत्रा

रशियातल्या तोल्यात्ती शहरात लग्न लागलं की वऱ्हाड आधी हमरस्त्याकडेच्या कुत्र्याच्या ब्राँझच्या पुतळ्याकडे जातं. मालक अपघातात गेल्यावर तो खरा कुत्रा वर्षानुवर्षं तिथंच वाट पाहत बसला होता. नवरा-नवरीने पुतळ्याचं नाक चोळलं की संसार टिकतो, अशी समजूत आहे.

नवरदेव ग्लेबने फुलं ठेवली, पण त्याचा हात नाकापर्यंत जाईना.

"चोळा की जावईबापू, चावत नाही तो," नवरीची मावशी म्हणाली. सगळे हसले.

ग्लेबला आपला कुत्रा पिरात आठवला. गेल्या उन्हाळ्यात गावाबाहेरच्या बागेतल्या घरी त्याने ते पिल्लू हौसेने पाळलं होतं. थंडी पडताच घराला कुलूप लावून तो गाडीने शहरात परतला आणि पिरात फाटकाबाहेर राहिला. कुणीतरी तुकडा टाकेल, सगळे असंच करतात, असं त्याने मनाला समजावलं होतं.

पुतळ्यापासून त्याने गाडी थेट तिकडेच घेतली.

"अरे, लोक जेवायला खोळंबलेत," शेजारी बसलेली नवरी झ्लाता म्हणाली.

बागेतल्या घराशेजारचे येफिम आजोबा कुंपणाशीच उभे होते.

"आजोबा, आमचा पिरात...?"

"आहे की. हिवाळाभर माझ्या घरात होता. चांगला गलेलठ्ठ झालाय."

ग्लेबचा जीव भांड्यात पडला. "मग हाक मारा ना त्याला. न्यायला आलोय मी."


"आत्ता नाही यायचा तो, पोरा. गाडीचा आवाज आला की पलंगाखाली जाऊन दडतो."