पंख्याचा आवाज

"मशीन बंद करतो हं, वहिनी," कॉम्प्युटरवाला म्हणाला आणि त्याने बटण दाबून धरलं.

टेबलाखालचा पंखा घुरघुरत मंदावला आणि थांबला. दारावरच्या कॅमेऱ्याचा लाल ठिपका विझला. स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून ती ते बघत होती.

भिंतींना कान असतात म्हणतात. या घरातल्या भिंतींना डोळे होते, चार, आणि चारही डोळ्यांच्या तारा त्या जुनाट डब्यात जात होत्या. नवरा ऑफिसात बसून फोनवर बोट फिरवायचा आणि घर बघायचा. "चोरांसाठी," असं पाहुण्यांना सांगायचा. इतक्या वर्षांत चोर काही एकही फिरकला नव्हता.

पण डबा म्हातारा होता आणि त्याने तिच्यावर एक उपकार करून ठेवला होता. नवरा तिकडे फोनवर घर बघायला लागला की जुन्या प्रोसेसरला ते काम झेपायचं नाही. तो तापायचा आणि पंखा धाप लागल्यासारखा ओरडायला लागायचा. पंखा ओरडला की ओट्याशी जायचं, चेहरा सरळ ठेवायचा. शांत झाला की ताईला फोन लावायचा. नवऱ्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. दोन वर्षं ती त्या आवाजाच्या भरवशावर जगली होती.

आता त्याने नवा प्रोसेसर मागवला होता. "चित्र अडकतं," एवढंच म्हणाला. माणूसही त्यानेच शोधून पाठवला.

"नव्याचा आवाज येईल का हो?" तिने विचारलं.

कॉम्प्युटरवाल्याच्या एका कानात इयरफोन होता, गाणी ऐकत असावा. बोलायचं झालं की तो नुसती मान वळवायचा नाही, मान आखडलेल्या माणसासारखा छातीसकट अख्खा वळायचा. शर्टाच्या खिशातून फोन अर्धा बाहेर डोकावत होता.

"छे हो! इतका गार चालतो, पंखा फिरतोय हे कळायचंसुद्धा नाही. साहेबांनी झकास माल घेतलाय."

म्हणजे जे करायचं ते आजच. मागच्या वेळी ती पिशवी घेऊन निघाली, तेव्हा पंखा ओरडला तो नेमका दार उघडल्यावर. ती बसथांब्यावर पोचते न पोचते तोच नवरा गाडी घेऊन समोर उभा होता. घरी आणल्यावर काय झालं ते तिने ताईलासुद्धा अर्धंच सांगितलं होतं. उरलेलं अर्धं तिचा डावा खांदा थंडीत सांगायचा.

"किती वेळ लागेल?"

त्याने इयरफोन कानात नीट बसवला. मग म्हणाला, "का? कुठे जायचंय का तुम्हाला?"

"छे, मी कुठे जाणार!"

ती हसली. हसू अगदी खरं वाटावं असं तिला जमायचं, सवयच होती.

त्याने ब्रशने धूळ झाडली. पंख्याचे स्क्रू काढले आणि पंखा बुडाच्या धातूसकट डावी-उजवीकडे अलगद हलवत राहिला.

"याला ओढायचं नसतं," तो म्हणाला. "खालचा लेप चिकटून बसलेला असतो. ओढलं की प्रोसेसर मुळासकट उपटून येतो. मशीन गरम आहे तोवर हळूहळू फिरवत सोडवायचा. घाई केली की संपलं."

"मग घाई नका करू," ती म्हणाली.

"करतच नाहीये. अजून बराच वेळ मशीन बंद राहील."

तुझ्या तोंडात साखर पडो, ती मनात म्हणाली. एरवी गोगलगायीच्या चालीने काम करणाऱ्या माणसाला तिने चांगलं सुनावलं असतं. आज त्याच्या संथपणावर तिचा जीव जडला होता.

त्याने जुना लेप पुसून काढला. नवा प्रोसेसर उजेडात धरून कोपऱ्यावरची खूण शोधली. मग एकदम वळून विचारलं, "छोटी दिसत नाहीये? शाळेत असेल."

दाराशी चिमुकल्या चपला होत्या, त्यावरून ओळखलं असणार. आठवडाभर खोटं बोलून तिचं तोंड कडू झालं होतं. या परक्या माणसाला खरं सांगून काय बिघडणार होतं?

"नाही, ताईकडे आहे. सकाळी शाळेतून परस्पर नेलं तिने."

"अस्सं," तो म्हणाला. "अस्सं."

ती आतल्या खोलीत गेली. गाद्यांच्या मागे कोंबून ठेवलेली निळी पिशवी ओढून काढली. आत मुलीचा जन्मदाखला, दोन कपडे आणि ताईने दिलेली किल्ली होती. चेन लागेना, शेवटी तशीच उघडी राहू दिली. बाहेर येताना तिने वर पाहिलं. ठिपका विझलेलाच होता. खोलीत कसलाही आवाज नव्हता, आणि त्या शांततेने तिला कितीतरी दिवसांनी धीर आला.

कॉम्प्युटरवाला आता नुसता बसला होता. डब्याचं झाकण लागलेलं होतं, स्क्रूही पिळलेले होते.

"जरा खाली दुकानात जाऊन साखर आणते," ती म्हणाली. "तुमचं चालू द्या सावकाश." तिने दाराच्या कडीवर हात ठेवला.

तो छातीसकट वळला, तसा खिशातल्या फोनचा कॅमेराही तिच्याकडे वळला. कानातल्या इयरफोनवर बोट दाबून त्याने थोडा वेळ ऐकलं.

"वहिनी," तो अदबीने म्हणाला, "साहेब म्हणताहेत, निळी पिशवी खाली ठेवा. लिफ्टमध्ये आहेत ते."