ओ गटाचे सासरे

सासऱ्यांचा रक्तगट ओ आणि त्याचा त्यांना भारी तोरा. या गटाच्या दात्यांत हेपटायटिस सी कमी सापडतो, असं त्यांनी कुठंसं वाचलं होतं. जावयाचा गट बी. दोघांनी शेजारी-शेजारी रक्तदान केलं, तेव्हा सासरे जावयाच्या पिशवीकडे कीव आल्यासारखे बघत होते.

आठवड्यानं जावई म्हणाला, "रक्तपेढीतून फोन आलाय. भेटायला बोलावलंय."

सासऱ्यांनी काय ते ओळखलं आणि चपला घालून सोबत निघाले. रिक्षात त्यांनी जावयाच्या पाठीवरचा हात काढला नाही. "घाबरू नका, जावईबापू. गट काय आपल्या हातात असतो?"

रक्तपेढीतल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "दोघांत ओ गट कुणाचा?"

"माझा!" सासरे छाती काढून म्हणाले.

"मग तुम्ही थांबा, काका. यांना बाहेर बसू दे."

सासऱ्यांचा चेहरा खर्रकन उतरला. "अहो, पण ओ गटाला हेपटायटिस सी..."

"होतो, काका. गटाचं अजून कुणालाच नक्की सांगता येत नाही. औषधानं बरा होतो, एवढं मात्र नक्की."

सासरे जावयाकडे वळले. "फोन तर तुम्हाला आला होता ना?"

"नंबर माझा दिला होतात, बाबा. बोलावणं तुम्हालाच होतं. खरं सांगितलं असतं, तर तुम्ही रिक्षात बसला नसता."

जावई दाराकडे निघाला, तशी सासऱ्यांनी त्याची बाही घट्ट धरली.

"निघालात कुठं? बसा इथंच. मला एकट्याला नाही ऐकवणार हे."