कानाला पाच भोकं

नागनाथने शेळीचा कान उन्हाकडे धरला. पाच ठिकाणांतून उजेड आला.

"हिला पाचच?"

"समद्यांलाच पाच," उमाजी म्हणाला. "गावं बी पाचच झाली नव्हं अजून."

नागनाथने वहीत लिहिलं. बी.एस्सी. झाल्यापासून दोन वर्षं तो मानवत भागातल्या बातम्या परभणीच्या एका दैनिकाला पाठवत होता. ऐकीव लिहायचं नाही, मोजून लिहायचं, असं त्याने ठरवलं होतं.

सरकारने पाच गावांतल्या गरिबांना शेळ्या वाटल्या, असं कागदावर होतं. प्रत्यक्षात एकही शेळी आली नव्हती. तपासणीचा दिवस ठरला, की त्या गावात उमाजीचा कळप हाकत न्यायचा. तालुक्याचा माणूस चिमट्याने एकेका कानात नंबराचा पितळी बिल्ला ठोकायचा. फोटो निघायचे. साहेब जेवून जायचे. मग बिल्ले कापून काढायचे. पुढच्या गावाला पुढचे नंबर, पुढचं भोक. हे सगळं पुढारी किशनराव जुळवून आणत.

"पण तुम्ही शेळ्या देता कशाला, मामा?"

"न दिवून सांगता कुणाला? गायरान किशनरावाच्या मुठीत हाय. एकदा न्हाई म्हणलो, तर चार दिस जनावर चरू दिलं न्हाई."

भिवराबाई एका सुजलेल्या कानाला हळद-तेल लावत होती. "दोन मेल्या कान सडून," ती मान वर न करता म्हणाली. "ऱ्हायल्या अडतीस. ह्या गेल्या की आमाला चारी वाटा मोकळ्या."

"तुमचं नाव नाही का यादीत, मामी?"

"तुमच्याकडं हायेत की शेळ्या, म्हणले. शेळीवाल्याला शेळी कशाला." ती हसली. "अन् ज्याला न्हाई, त्याला बी न्हाईच."

"शहरातले म्हणतात, आमच्या टॅक्सवर खेडी जगतात."

"मंग काडीपेटी, चहापत्ती आमाला फुकट मिळती का? तेच्यावर बी पट्टी असती म्हणं. लिवा की तेवढं."

त्याने तेवढंही लिहून घेतलं. उमाजीला कळपात उभं करून फोटो काढला.

बातमी चार पानांची झाली. किशनरावांचं नाव, तालुक्याच्या दोन अधिकाऱ्यांची नावं, पाच गावं, सगळे आकडे. पाकीट त्याने एसटीच्या कंडक्टरजवळ दिलं.

आठव्या दिवशी तिसऱ्या पानाच्या कोपऱ्यात बातमी आली. नागनाथने ती स्टँडवर उभ्याउभ्या वाचली. अधिकाऱ्यांचे 'संबंधित' झाले होते आणि किशनरावांचे 'काही मंडळी'. काडीपेटी गेली होती. भोकांचा हिशेब मात्र जसाच्या तसा होता. फोटोही होता आणि त्याच्याखाली ठळक अक्षरांत उमाजीचं नाव.

तो तसाच परभणीला गेला.

"नामांतराच्या मोर्च्यांनी पान भरलंय, तरी जागा दिली तुला," संपादक म्हणाले. "बस, चहा घे."

"नावं का काढलीत?"

"किशनरावांची कापसाची जिनिंग मिल आहे, बाबा. दिवाळी अंकाची जाहिरात तू देणार आहेस का? आणि तू तर सायन्सवाला. आकडे ठेवलेत ना? आकडे बोलतात."

नागनाथ चहा न घेता उठला. दोन दिवस त्याचं कशात लक्ष लागलं नाही.

पण आकडे खरंच बोलले. पुढच्याच आठवड्यात चौकशीचे साहेब आले. तालुक्याचे नव्हते, वरून आले होते. जीपमध्ये बंदोबस्ताला दोन पोलीस होते. किशनरावांच्या घरचा चहा त्यांनी दारातूनच परत पाठवला. हे बघून नागनाथला बरं वाटलं.

साहेबांच्या फायलीत बातमीचं कात्रण होतं. त्यातल्या आकड्यांखाली तांबड्या रेघा ओढलेल्या होत्या.

"तुम्हीच लिहिलं का हे? शास्त्रशुद्ध काम आहे," ते म्हणाले. "चला उमाजीराव, आपण एकदा पडताळून घेऊ."

साहेबांनी दुसऱ्या कुणावर काम सोपवलं नाही. भिवराबाई एकेक शेळी पुढे धरायची, "ही कपिली, ही बांडी" असं सांगायची. साहेब चष्मा वर करून कान बघायचे, आकडा उच्चारायचे. नागनाथ तक्त्यात भरायचा. दोन तास गेले. एकाही कानाने दगा दिला नाही.

"अडतीस पंचे?"

"एकशे नव्वद," नागनाथ म्हणाला.

"एक भोक म्हणजे एक सरकारी बिल्ला. बरोबर?"

"बरोबर."

"आणि एक बिल्ला म्हणजे रेकॉर्डला एक शेळी."

"रेकॉर्डला तसंच आहे, साहेब. तीच तर फसवणूक आहे."

"मग इथं सही करा. साक्षीदार म्हणून."

नागनाथने तक्ता वरपासून खालपर्यंत पुन्हा तपासला. एकही चूक नव्हती. त्याने सही केली. खाली उमाजीने अंगठा दिला आणि बोट धोतराला पुसलं.

"आता गायरान सुटंल का, साहेब? सकाळपासून उपाशी हायेत."

साहेब कागद फायलीत लावत होते. भिवराबाईने वाड्याच्या तोंडाला लावलेली काटेरी फांदी बाजूला सारली. शेळ्या पुढे सरकल्या, तसा एक पोलीस त्यांच्या आडवा येऊन उभा राहिला.

साहेबांनी पेनाला टोपण लावलं.

"एकशे नव्वद सरकारी शेळ्यांना बिल्ले लागले, आणि तुझ्याजवळ सापडल्या अडतीस," ते उमाजीला म्हणाले. "बाकीच्या एकशे बावन्न कुठं विकल्यास?"