लांब बाह्यांचा कोट

आईने शिवलेला कोट घालून तो आरशासमोर उभा राहिला आणि गोंधळलाच. बाह्या बोटांवर उतरलेल्या, खांदे ओघळलेले. पुरुषाने पुरुषावर केलेल्या प्रेमाबद्दल उघड लिहिणारा, त्यासाठी मोर्चे काढणारा लेखक तो. आज त्याचा सत्कार होता. पहिलं पुस्तक आल्यापासून आई त्याविषयी चकार शब्द बोलली नव्हती. पण शिवणकामात तिचं माप कधी चुकलं नव्हतं. मग नजर अधू झाली, की लेकच परका झाला? तो मुकाट्याने बाह्या दुमडू लागला. “अरे, चुरगाळशील!” आई दारातून ओरडली. “तुझा खुंटीवर आहे.” “मग हा कुणाचा?” “मागे घाईत ज्याचा सदरा घालून आलास, त्याचा. धुताना माप घेतलं.” आईने जवळ येऊन बाहीचा लोंबता दोरा दातांनी तोडला. “बघतोस काय? जा, त्याला घालून आण. कुठे काचला, तर सैल करीन.”