बॉनेटखालची टोपी

"मान वर कर गं ड्रू," वहिनी म्हणाली आणि तिने जाळीची पांढरी टोपी ड्रुसिलाच्या डोक्यावर दाबून बसवली. कपाळावरचे कुरळे केस बोटाने आत ढकलले. एक बट बाहेर राहिली होती, तीही ढकलली.

"वहिनी, आजच कशाला? पुढच्या महिन्यात बघू ना."

"एकोणतिशी उलटली तुझी. घोडनवरीने केस मिरवले की लोक तोंडावर हसतात. हसतात की नाही हो, मिसेस पेलिंग?"

टोप्यांच्या दुकानाची मालकीण मिसेस पेलिंग हसली. गिऱ्हाइकाच्या हो ला हो करण्यात तिची हयात गेली होती.

इंग्लंडातल्या बाथ शहरात ही रीत शेंबड्या पोरालाही ठाऊक. बॉनेटखाली, म्हणजे हनुवटीशी फितीने बांधायच्या हॅटखाली, टोपी घालते ती लग्न झालेली. कुमारिका केस दिसू देते. आणि जिची वेळ टळून गेली, तीही एक दिवस मुकाट्याने टोपी चढवते, म्हणजे पुरुषांनी तिचा विचार सोडून द्यावा. ड्रुसिला हा दिवस कधीपासून पुढे ढकलत होती. स्पेनच्या लढाईवर जाताना कॅप्टन हॅलेट म्हणाला होता, "परत आलो तर भेटायला येईन." एवढंच. पण बिचारी एवढ्यावर जगत होती. लढाई संपली, तरी तो आला नाही. वहिनीची चारही पोरं मात्र ड्रुसिलाच्या अंगाखांद्यावर वाढली, आणि पाचवं वाटेवर होतं. भावाचं अन्न खाणाऱ्या बाईने नाही म्हणायचं तरी कशाच्या जोरावर?

वहिनीने टोपीवर नवं बॉनेट ठेवलं आणि हनुवटीखाली करड्या फितीची गाठ मारली. ड्रुसिलाला लाल फीत हवी होती. तिला कोणी विचारलंच नाही. धाकटी भाची सोफी झग्याला लोंबकळून रडायला लागली, तसं ड्रुसिलाने तिला कडेवर घेतलं.

तेवढ्यात दार उघडलं आणि उन्हाने रापलेला कॅप्टन हॅलेट आत आला.

अगं बाई! ड्रुसिलाला आनंदाने रडूच फुटायचं बाकी होतं. तो हसत पुढे आला आणि थबकला. त्याने बॉनेटच्या काठाखालची पांढरी जाळी पाहिली. मग कडेवरची पोर पाहिली. त्याचं हसू विरून गेलं.

"अभिनंदन, बाईसाहेब," तो वाकून म्हणाला. "मला यायला फारच उशीर झाला."

बाईसाहेब! तिला ओरडून सांगायचं होतं, अहो, माझं लग्न झालेलं नाही! पण कोणी न विचारता असं सांगणं म्हणजे भर दुकानात आपणच मागणी घालणं. तिने वहिनीकडे पाहिलं. वहिनी सांगेल. सांगेलच.

"उशीर कसला, कॅप्टन!" वहिनी गोड हसली. "पोरीला लळा बघा किती! क्षणभर खाली उतरत नाही."

त्याने मान हलवली. "तुमचे आभारच मानायला हवेत," तो वहिनीला म्हणाला. "काल तुमच्या घरी आलो तेव्हा तुम्हीच आग्रह केलात, उद्या सकाळी दुकानात या, तिथेच भेटेल ती. बरं झालं आलो. डोळ्यांनी बघितलं."

तो गेला. दार लागलं. ड्रुसिला वहिनीकडे बघत राहिली.

वहिनीने मान वर केली नाही. "अशाच आणखी दोन टोप्या बांधा, मिसेस पेलिंग," ती म्हणाली. "आता रोज लागतील."