काचेच्या पेटीतले किडे

"पुन्हा झाले," कुसुमावतीबाई म्हणाल्या. "बघा सूनबाई, तुमच्या आबांची करामत."

दुर्गाने काचेला नाक लावले. तांदळाच्या कणीएवढे भुरकट, चपटे किडे काचेवरून सरकत होते. मागे सोनेरी मासे आपल्याच तोऱ्यात फिरत होते. खरे तर तिचा चेहरा पडायला हवा होता. पण मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या, आणि त्याची तिला लाजही वाटत होती. किडे झाले म्हणजे तिचे वडील, आबा, धारहून येणार.

एरवी ते येत नसत. नातवाचे तोंड पाहीपर्यंत लेकीच्या घरी अन्न नाही, पाणी नाही, आणि कारणावाचून उंबरठाही ओलांडायचा नाही, असा दोन्ही घरांचा रिवाज. नवरा भास्कर इंदुरात शिकायला. आई तिच्या लहानपणीच गेलेली. वेण्या घालायलासुद्धा आबाच होते. त्यांच्या आठवणीने ती एकदा रडली, तेव्हा सासूबाईंनी चांगलेच सुनावले होते.

"माझं माहेर सोनकच्छला. सकाळी गाडी जुंपली तर संध्याकाळी देवास. तरी माझे वडील मरेपर्यंत या घरात आले नाहीत. मी काय मेले?"

मग ही पेटी आली. विलायतेला परतणाऱ्या एका साहेबाने ती दुर्गाच्या सासऱ्यांना, भैयासाहेबांना, भेट दिली होती. गावात अशी दुसरी नव्हती. भैयासाहेब कचेरीतून आले की पगडी उतरवायच्या आधी माशांची खुशाली बघत. पहिल्यांदा किडे पडले तेव्हा त्यांची झोप उडाली, आणि त्यांनी थेट व्याह्यांनाच बोलावणे धाडले. आबांनी, म्हणजे मानाजीरावांनी, धारच्या एका सरदाराच्या बागेतले माशांचे हौद वर्षानुवर्षे सांभाळले होते.

आता ही तिसरी खेप. मानाजीराव धर्मशाळेत उतरले, बरोबर आणलेल्या सुरईतले पाणी प्यायले आणि कामाला लागले. कलेजीचा तुकडा फडक्यात बांधून दोऱ्याने पाण्यात सोडायचा. वासाने किडे त्याला येऊन चिकटतात. सकाळी फडके अलगद उचलायचे, आणि किडे संपेपर्यंत रोज हेच. तेवढे दिवस बापलेकी पेटीच्या दोन बाजूंना बसून गप्पा मारत, आणि कुसुमावतीबाई दारात ठाण मांडून असत.

"ते फडकं इकडे द्या, व्याहीबुवा," त्या म्हणत. "तुम्ही कुठं तरी टाकाल, अन् फिर वही. उरलेली कलेजीही द्या. कोठीत मांजर येतं, त्याला होईल."

आपल्या बापावर फडके टाकण्याइतकाही भरवसा नाही, हे दुर्गाला फार झोंबे.

त्या दुपारी भैयासाहेब बायकोशी बोलले, पण आवाज घरभर जाईल असा.

"दोनदा साफ केली, तरी पुन्हा किडे! व्याहीबुवा चार-दोन मुद्दाम ठेवून जातात की काय? लेकीला भेटायला निमित्त बरं आहे. पुढच्या वेळी दुसरा माणूस बघतो."

मानाजीरावांचे कान लाल झाले. त्यांनी फडक्याची गाठ पुन्हा सोडून पुन्हा बांधली.

सासरे आत गेल्यावर दुर्गा कुजबुजली, "आबा, राहू द्या ना थोडे. मोठ्या माशांना काही करत नाहीत, तुम्हीच म्हणालात."

"नाही करत, बेटा. पण मी खोटा पडलो तर मान तुझी खाली जाईल. मला तुला बघायचंय ग. पण असं नाही."

दुर्गाला रडू कोसळले. दारातून आवाज आला, "सूनबाई, पदर सावरा."

मानाजीरावांनी या वेळी काही म्हणता काही बाकी ठेवले नाही. वाळू उकळली, दगड उकळले, काच मिठाने घासली. निघताना लेकीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "आता नाही व्हायचे."

दोन महिने काच लख्ख राहिली. भैयासाहेब खूश होते. दुर्गा रोज काच पुसायची, कोपरे न्याहाळायची आणि स्वतःलाच दूषणे द्यायची. वेडीच होती. बापाच्या भेटीसाठी किड्यांची वाट बघत होती.

आणि एका सकाळी काचभर किडे.

भैयासाहेबांनी वाकून चारी काचा पाहिल्या. मग सुनेला ऐकू जाईल अशा बेताने, माशांकडेच बघत म्हणाले, "व्याह्यांनी किडे ठेवले असते तर काच दोन महिने लख्ख राहिली नसती. म्हणजे दोष पाण्याचाच. भल्या माणसावर उगाच आळ घेतला मी." जोडे घालून ते स्वतः बाहेर गेले आणि धारला टांगा धाडूनच परतले.

दुर्गाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आले. आबा येणार होते, आणि ताठ मानेने येणार होते. सासूबाईंना सांगावे म्हणून ती धावली. त्या स्वयंपाकघरात नव्हत्या, देवघरात नव्हत्या. एरवी कुलूप असलेल्या कोठीचे दार तेवढे किलकिले होते.

आत कुसुमावतीबाई चिनी मातीच्या मोठ्या वाडग्यावर ओणवल्या होत्या. कलेजीचे बारीक बारीक तुकडे पाण्यात सोडत होत्या. वाडग्याच्या पांढऱ्या कडांवरून भुरकट कण्या सरकत होत्या.

दुर्गा दारातच थिजली. सासूबाईंनी मान वर केली नाही.

"दार लोटून घे, पोरी," त्या म्हणाल्या. "पुढच्या महिन्याचे अजून लहान आहेत."